गणेशखिंड रस्ता, आजूबाजूचा पुनर्विकास आणि आपलं विद्यापीठ: जागा गेली, पण म्हणणं कोण मांडणार?

मीनल_औंध

मंडळी, धागा लांबणार आहे, पण बरेच दिवस साठलंय म्हणून लिहिते.

मी १९९४ ते ९६ पुणे विद्यापीठात भूगोल शिकले आणि तेव्हापासून औंधातच राहते. विद्यापीठ चौक मी चार रूपांत पाहिला. आधी नुसता सिग्नल, मग पूल, मग जुलै २०२० मध्ये टाळेबंदीत तो पूल पाडल्यावर उरलेला राडारोडा, आणि आता वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खाली आपण. जुन्या पुलाला पंधरा वर्षंही झाली नव्हती. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो यायची होती आणि तिचे खांब त्या पुलासोबत बसत नव्हते. ई-स्क्वेअरजवळचा पूलही त्याच वेळी गेला. आता त्याच रस्त्याचं ४५ मीटरपर्यंत रुंदीकरण चाललंय आणि त्यासाठी विद्यापीठाच्या हद्दीतली जागाही लागली.

परवाची गोष्ट सांगते. सकाळी सव्वानऊला चौकात एक दृष्टिहीन मुलगा उभा होता, पाठीला सॅक, हातात पांढरी काठी. त्याला मेन गेटला जायचं होतं. मी म्हटलं, चल. फुटपाथ होता तिथे काठी आपलं काम करत होती. मग फुटपाथ संपला. पुढे एक बॅरिकेड आडवं आणि त्याचा लोखंडी पाय बाहेर आलेला. काठी त्या पायाखालून गेली आणि त्याची नडगी थेट लोखंडावर आपटली. त्याने ओरडसुद्धा केली नाही. म्हणाला, "हे काल इथे नव्हतं." रोज नव्याने वाट पाठ करतो तो. गेटला पोचायला आम्हाला एकोणीस मिनिटं लागली. मी एकटी सात मिनिटांत जाते.

बॅरिकेड कोणत्या कंत्राटदाराचं, हा माझा विषय नाही. काम निघालं की अडचण व्हायचीच. माझा प्रश्न विद्यापीठाबद्दल आहे. शेजारी रस्ता, मेट्रो, पूल, इमारतींचा पुनर्विकास असं सगळं एकदम चाललेलं असताना विद्यापीठाने फक्त जमीनमालक म्हणून बोलावं का? म्हणजे किती गुंठे गेले, मोबदला काय, भिंत कोण बांधून देणार, एवढंच? की हजारो मुलं रोज ज्या चौकातून पायी येतात त्यांच्या वतीने काही मागावं? माझं मत उघड आहे. तुमचं सांगा.

रोज_हिंजवडी

मीनलताई, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही ऐका. मी शिवाजीनगरहून हिंजवडीला रोज जातो. पूल पाडल्यानंतर कित्येक वर्षं त्या चौकात माझा अर्धा-पाऊण तास जायचा. मुलगी लहान होती, मी घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. २०२५ मध्ये पूल वापरात आला तेव्हा पहिल्या दिवशी ती जागी असताना घरी पोचलो. ही माझ्यासाठी छोटी गोष्ट नाही.

विद्यापीठाकडे ४११ एकर आहेत. कडेची काही मीटर पट्टी दिली तर शिक्षणाचं काय नुकसान झालं? आता त्यांनी हरकती, अहवाल वगैरे सुरू केलं तर काम पुन्हा रखडेल आणि त्याचा त्रास आम्हालाच.

मीनल_औंध

@रोज_हिंजवडी, तुमची मुलगी जागी असताना तुम्ही घरी पोचता याचा मलाही आनंद आहे, मनापासून. जागा देऊ नये असं मी म्हणतच नाही. द्यावीच. पण देताना चार अटी घालता येतात, आणि देऊन झाल्यावरही आठवण करून देता येते. शेतकरीसुद्धा बांधावरून वाट देताना पाणी कुठून जाईल ते ठरवून घेतो.

रस्तेवाला_काका

मी एका महापालिकेच्या पथ विभागात ३१ वर्षं काढली (पुण्याच्या नव्हे), म्हणून थोडं कागदोपत्री सांगतो.

रस्ता रुंद करायचे मार्ग मुख्यतः दोन. एक, विकास आराखड्यातली आखणी. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यात बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ३७, आणि त्यात हरकती-सूचनांसाठी महिन्याची मुदत असते. दुसरा, महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवणे. त्यालाही जाहीर नोटीस लागते. जागामालकाला मोबदला रोखीत, टीडीआरमध्ये (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयमध्ये (भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण वाढवून) मिळू शकतो. फाइलवरची बहुतेक चर्चा या मोबदल्यातच अडकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अमुक चौरस मीटर, अमुक दर, ताबा पावती. संपलं.

खरी गोष्ट असते आडव्या छेदाच्या नकाशात, म्हणजे रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत कापला तर काय कुठे बसतं ते दाखवणाऱ्या. "रस्ता ४५ मीटर" हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो. पण मधोमध मेट्रोचा खांब, त्याच्या दोन्ही अंगांना पुलाचे रॅम्प, रॅम्पच्या बाहेर खालून जाणाऱ्या गाड्यांच्या लेन, बसथांबा, पावसाळी गटार, केबलचे डक्ट, महावितरणचे डीपी बॉक्स. हे सगळं बसवून जे उरतं त्याला फुटपाथ म्हणतात. म्हणजे सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर पादचाऱ्याला वाढायचं. रॅम्प जिथे जमिनीला टेकतो तिथे तर फार थोडं उरतं.

म्हणून विद्यापीठाने, किंवा तुम्ही कोणीही, एकच मागा: दर वीस मीटरचा आडवा छेद. त्यात फुटपाथ मोकळा किती, हे आकड्यात. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलेलं आहे, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. त्यांच्याच कागदाशी त्यांचा नकाशा ताडून बघा. याने काम रखडत नाही, @रोज_हिंजवडी. उलट फुटपाथ दोनदा खोदायचा खर्च वाचतो.

परभणीची_पल्लवी

मी सध्या विद्यापीठात एम.ए. करतेय. मीनलताईंनी शीर्षकात पुनर्विकास लिहिलाय आणि चर्चा रस्त्यावरच चाललीय, म्हणून लिहिते.

वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. मला पहिल्या वर्षी मिळाली नाही. मग औंध गावाकडच्या एका जुन्या सोसायटीत कॉट बेसिसवर राहिले. दोन खोल्यांत पाच जणी. मालकीणबाई खाली राहायच्या, आजी म्हणायचो आम्ही त्यांना. एकादशीला साबुदाण्याची खिचडी वर पाठवायच्या. तिथून डिपार्टमेंटला चालत पंचवीस मिनिटं. बसचे पैसेही वाचायचे.

ती इमारत पुनर्विकासाला गेली. आजींना भाडं मिळतंय, पुढे मोठा फ्लॅट मिळेल, चांगलंच आहे. लिफ्ट नव्हती, त्यांचे गुडघे गेले होते. पण आम्ही पाच जणी कोणत्याच कागदावर नव्हतो. महिन्याभरात खोली सोडली. दोघी सूसला गेल्या, एक पिंपळे गुरवला. चौथीने लायब्ररी सहाला सोडायला सुरुवात केली, कारण नंतर बसला फार गर्दी. परीक्षेच्या दिवसांत रात्रीपर्यंत जयकर ग्रंथालयात बसणारी मुलगी ती. मी नशीबवान, दुसऱ्या वर्षी हॉस्टेल मिळालं.

जिथे आम्ही राहत होतो तिथे उद्या वीस मजले होतील. त्यात कॉट बेसिस कोणी देणार नाही. मेसवाल्या मावशीसुद्धा त्याच गल्लीत होत्या.

सुरेश_खडकी

पल्लवी म्हणते ते शंभर टक्के. माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान होतं, भाड्याचं. थिसिसला काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं, हेच काम. मालकाने इमारत पाडायला दिली. मूळ दुकानमालकाला नवीन गाळा मिळतो, भाडेकरूला मालकाच्या मर्जीवर. मी आता खडकीत आहे. जुनी मुलं फोन करून येतात. नवीन मुलांना माहीतच नाही.

रस्तेवाला_काका

पुनर्विकासाचा आणि रस्त्याचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून जोडतो. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत वाढीव बांधकामाची सवलत आहे. भूखंड आणि रस्त्याची रुंदी बसत असेल तर एफएसआय ४ पर्यंत जातो. त्यामागचा विचार चांगला आहे: स्थानकाजवळ जास्त माणसं राहिली तर ती गाडी काढणार नाहीत. हिंजवडी मार्गिकेवर २३ स्थानकं आहेत, अंतर साधारण २३ किलोमीटर. म्हणजे सरासरी किलोमीटरला एक स्थानक, आणि प्रत्येकाभोवती हे वर्तुळ. विद्यापीठाच्या दोन बाजूंना जुन्या चार मजली सोसायट्या आहेत त्या उगाच पाडल्या जात नाहीत.

पण स्थानकाजवळ राहायला येणार कोण? ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत तोच तो फ्लॅट घेणार असेल आणि पायी चालणारी पल्लवीची मैत्रीण सूसला जाणार असेल, तर आपण मेट्रो नेमकी कोणासाठी बांधली?

हेमंत_शिकागो

मी शिकागोच्या हाइड पार्क भागात राहतो, शिकागो विद्यापीठाच्या अगदी लगत. इथला जुना अनुभव लिहितो, कारण इथे विद्यापीठ गप्प बसलं नव्हतं, पण जे बोललं ते शेजाऱ्यांना महागात पडलं.

१९५० च्या दशकात आजूबाजूची वस्ती खालावतेय अशी भीती विद्यापीठाला वाटली. १९५२ मध्ये त्याच्या पाठबळाने साउथ ईस्ट शिकागो कमिशन नावाची संस्था उभी राहिली, ज्युलियन लेव्ही तिचे सूत्रधार. पुढे शहराने नूतनीकरणाचा आराखडा आणला आणि विद्यापीठ त्याच्या मागे पूर्ण ताकदीने उभं राहिलं. ५५व्या रस्त्यावर तेव्हा दुकानं, बार, छोटी हॉटेलं यांची गजबज होती. ती पाडली, रस्ता रुंद केला आणि रस्त्याच्या मधोमध आय. एम. पेई यांनी आखलेल्या दोन मोठ्या निवासी इमारती आल्या. त्या आजही आहेत, गाड्या दोन्ही अंगांनी वळसा घालून जातात. जी कुटुंबं गेली त्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय फार होती. विद्यापीठ सुरक्षित राहिलं, पण दक्षिणेकडच्या वुडलॉन वस्तीत त्याच्याबद्दल जो अविश्वास बसला तो पुढच्या पिढ्यांतही उतरला.

मग विद्यापीठ दक्षिणेकडे हातपाय पसरू लागलं तेव्हा वुडलॉनचे लोक आर्थर ब्रेझियर या पाद्रींच्या नेतृत्वाखाली संघटित झाले. १९६० च्या दशकात शब्द मिळवला की विद्यापीठ ६१व्या रस्त्याच्या पलीकडे येणार नाही. इथले म्हातारे लोक "सिक्स्टी-फर्स्ट" हा शब्द आजही वचनासारखा उच्चारतात.

अलीकडचं म्हणजे, जॅक्सन पार्कमध्ये ओबामा केंद्राचं काम निघालं, त्यासाठी पार्कातला कॉर्नेल ड्राइव्ह हा रस्ता बंद झाला, आणि भाडी वाढणार हे लोकांना आधीच कळलं. त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं. २०२० मध्ये शहराने वुडलॉनपुरता घरांच्या संरक्षणाचा ठराव केला, शहराच्या मालकीच्या काही जमिनीवर परवडणारी घरं बांधायची अट त्यात आहे.

@परभणीची_पल्लवी, तुम्ही पाच जणी कागदावर नव्हतात. इथे भाडेकरू कागदावर आले ते त्यांनी सभांना जाऊन जाऊन स्वतःचं नाव लिहायला लावलं म्हणून.

वडाची_पारंबी

झाडांबद्दल कोणीच नाही लिहिलं! मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

गणेशखिंड रस्त्याचे वड आणि वर्षावृक्ष म्हणजे या रस्त्याचं छप्पर होतं. रुंदीकरणात झाडांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे सगळ्यांना आठवत असेल. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता सावलीतल्या डांबरावर आणि उघड्या डांबरावर हात ठेवून बघा. उघड्यावर ठेवताच येत नाही. स्कूटरवाल्याला सिग्नलला नव्वद सेकंद काढायचे असतात, पल्लवीला पंचवीस मिनिटं चालायचं असतं.

२०२१ मध्ये राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड आता "हेरिटेज" आहे. तोडावं लागलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. म्हणजे ऐंशी वर्षांच्या वडाला ऐंशी रोपं. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. सातच! नोटीस पावसात भिजून गळून पडते, तोवर मुदत संपते.

पुनर्रोपणाबद्दल खरं सांगते. वड, पिंपळ, उंबर जगण्याची शक्यता बरी असते, कारण त्या कुळाला तुटल्या जागी नवी मुळं फुटतात. आंबा, चिंच यांचं कठीण. पण वडसुद्धा नुसता नेऊन उभा केला की जगत नाही. मुळांचा गोळा पुरेसा मोठा हवा, फांद्या मोजून छाटलेल्या हव्यात, आणि दोन-तीन उन्हाळे कोणीतरी पाणी घातलं पाहिजे. ते कोणीतरी कोण, हे करारात लिहिलेलं हवं. आपल्याकडे तिथेच पाणी मुरतं.

आणि विद्यापीठाची जबाबदारी इथे दुप्पट आहे. त्याच्या आवारात वनस्पतिशास्त्र विभाग आहे. जवळच गणेशखिंड उद्यान आहे, ३३ हेक्टरचं, १८७३ सालचं, ज्याला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कोणतं झाड वाचेल, कोणतं हलवता येईल, हे सांगणारी माणसं भिंतीच्या आतच बसली आहेत. त्यांना विचारून लिहिलेला एक दहा पानी अहवाल वकिलाच्या पत्रापेक्षा जड होईल.

रोज_हिंजवडी

पारंबीताई, माझ्या वडिलांनी मला शाळेत असताना याच रस्त्यावर थांबवून सांगितलं होतं, २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली तो हा गणेशखिंड रस्ता, आणि साहेबलोक ज्या बंगल्यातून मेजवानी आटपून परतत होते ती आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. सावलीत उभे होतो आम्ही. कोणतं झाड होतं ते आठवत नाही.

मी कामाच्या विरोधात नाही आणि होणारही नाही. पण मोजमापाचं काका म्हणतात ते पटलं. मी मदत करीन.

मीनल_औंध

@रोज_हिंजवडी, हे वाचून घशात आवंढा आला. धन्यवाद.

सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं थोडं बदललंय. मी फक्त फुटपाथचा विचार करत होते. आता विद्यापीठाला एक निवेदन द्यायचं ठरवतेय. मागणी ही की विद्यापीठाने रस्ता आणि पुनर्विकास या दोन्हींवर आपलं म्हणणं लेखी आणि जाहीर मांडावं. त्यात गेटपर्यंत सलग फुटपाथ आणि दृष्टिहीनांसाठी खुणेच्या पिवळ्या फरश्या, बस गेटसमोरच थांबेल अशी जागा, आणि कोणती झाडं राहणार, कोणती हलणार आणि पाणी कोण घालणार हे वनस्पतिशास्त्र विभागाच्या सहीने यावं. भूगोल विभागाच्या मुलांनी एक सत्र चौकात मोजणी करावी, पायी किती, बसने किती. आमच्या वेळी आम्ही मुळा नदीच्या काठावर असं काम केलंय, डोक्यावर ऊन घेऊन. आणि पल्लवीसाठी: आजूबाजूला किती मुलं भाड्याने राहतात याची विद्यापीठाने स्वतः नोंद ठेवावी. मिळालेल्या टीडीआरचा किंवा पैशाचा एक हिस्सा वसतिगृहाला जावा.

शेवटची मागणी बरोबर आहे का, काका?

रस्तेवाला_काका

मागणी योग्य आहे, पण शब्द बदला. मोबदला कोणत्या रूपात मिळाला ते तुम्हाला माहीत नाही, मग "टीडीआर किंवा पैसे" असं गृहीत धरून लिहू नका. "मोबदला कोणत्या रूपात आणि किती, आणि त्याचा विनियोग कशावर" असा प्रश्न विचारा. उत्तर लेखी आलं की पुढची मागणी करा. आणि निवेदन फक्त कुलगुरूंच्या नावे नको. मालमत्तेचे निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतात, आणि अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. तुम्ही पदवीधर म्हणून नोंदणी केली आहे का? केली असेल तर ते तुमचे प्रतिनिधी आहेत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच होता, तेव्हा विचारायला माणूस नव्हता. विद्यापीठात मात्र अधिसभा होती, आहे.

मीनल_औंध

नोंदणी केलेली नाही. लाज वाटतेय लिहायला, इतकी वर्षं राहिले इथे. अर्ज करते.

परभणीची_पल्लवी

ताई, जाहीर पत्रात माझं नाव नको, पण आमच्या पाच जणींची गोष्ट घाला. आधी कुठे राहत होतो, आता कुठे, जायला किती वेळ लागतो, मी तक्ता करून देते. होस्टेलच्या ग्रुपवर विचारलं तर अजून चाळीस-पन्नास जणी सांगतील.

सुरेश_खडकी

प्रिंट, झेरॉक्स माझ्याकडून. पैसे नको. बाइंडिंगही करतो, काळं रेक्झिन.

वडाची_पारंबी

झाडांची मोजणी मी विद्यार्थ्यांना घेऊन करते. छातीच्या उंचीवर घेर, जात, जीपीएस, फोटो. चतुःशृंगीकडून सुरुवात करू, पार्वतीनंदन गणपतीपाशी भेटू. रविवार नको, गर्दी नसेल तर पायी माणसं कमी दिसतील. शनिवारी सकाळी नऊला?

रोज_हिंजवडी

शनिवारी येतो. मुलीलाही आणतो, ती आता सातवीत आहे, नोंदी लिहील.

मीनल_औंध

शनिवार नऊ, पक्कं. तो दृष्टिहीन मुलगाही येतोय, काल पुन्हा भेटला. म्हणाला, फुटपाथ कुठे तुटतो ते मी तुमच्यापेक्षा नीट सांगेन. त्याच्यासोबत एक जण सतत हवा. पल्लवी, तू राहशील का? माझ्याकडे ३० मीटरची टेप आहे. रस्ता ४५ चा आहे, कोणाकडे ५० मीटरची असेल तर आणा.

रस्तेवाला_काका

५० मीटरची आहे. निवृत्त होताना स्वतःच्या पैशाने घेतली होती. आणतो.